चार जीबीची रॅम आणि उघडे टॅब

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याच्या सेवा केंद्रांवर गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आणि मागाहून शिष्यवृत्तीचे अर्ज. तहसील सावनेरला असली तरी अर्ज इथूनच ऑनलाइन भरता येतो, म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतले संत्रा-कापसाचे शेतकरी, गुमगावच्या मँगनीज खाणीकडची कामगार कुटुंबे आणि गावातली विणकरांची घरे अशी सगळीच माणसे त्याच दोन-चार खुर्च्यांपुढे रांग लावतात. अशा वेळी पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले की रांगेतून प्रश्न येतो, ‘काऊन जी भाऊ, सर्व्हर डाऊन हाय काय?’ ऑपरेटर मान डोलावतो. खरे तर तेव्हा सर्व्हर पडलेला असतोच असे नाही. केंद्रातला संगणक चार जीबी रॅमचा, त्यात जुनी हार्ड डिस्क आणि ब्राउझरमध्ये सकाळपासून उघडलेले वीस-पंचवीस टॅब. एवढे असले की मुंबईतला सर्व्हर ठणठणीत असूनही खाप्यातला अर्ज अडून बसतो. टॅब सांभाळणारे एक्स्टेन्शन टाका आणि मेमरी वाचवा, असा सल्ला यावर सर्रास मिळतो. सल्ल्याचा हेतू बरोबर आहे, पण ज्या संगणकावर दुसऱ्यांची कागदपत्रे हाताळली जातात तिथे त्याचा क्रम उलटा लावायला हवा असे माझे मत आहे. आधी ब्राउझरची स्वतःची सोय पूर्ण वापरावी, मग उघडे टॅब मुळातच कमी करावेत, आणि एवढ्यानेही भागले नाही तरच एखादे एक्स्टेन्शन घ्यावे. तेही किती मेमरी वाचवते यावर निवडू नये, किती परवानग्या मागते यावर निवडावे.

सर्व्हर अडला की संगणक, हे आधी ओळखता आले पाहिजे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे. एकच संकेतस्थळ फिरत बसले आहे आणि बाकीचे टॅब झटपट उघडत आहेत, तर दोष पलीकडचा. पण एका टॅबवरून दुसऱ्यावर जातानाच पडदा पांढरा होतो, टाइप केलेले अक्षर दोन सेकंदांनी उमटते, हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो, तर दोष आपल्या टेबलावरचा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभर टक्क्यांवर टेकलेली दिसली की शंका उरत नाही. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवरच्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधली गोष्ट सापडायला सेकंदाचा साधारण एक कोट्यंश भाग पुरतो, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तिच्या जागेवर पोचायलाच सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. फरक लाखाच्या पटीतला आहे. म्हणून मेमरी संपलेला संगणक थोडा मंद होत नाही, तो जवळजवळ थांबतोच.

ब्राउझर एवढी मेमरी खातो कशाला, असे म्हणून त्याला शिव्या घालणे सोपे आहे. पण त्यामागे कारणे आहेत, आणि ती नीट पाहिली तर उपायही तिथूनच सुचतात. २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला तोच टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवण्याची रचना घेऊन. त्याआधी एक पान बिघडले की सगळा ब्राउझर बंद पडत असे, या रचनेत तेवढा एकच टॅब मरतो. बदल्यात प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचा ठरावीक खर्च आला. मग २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. एका संकेतस्थळाचा कोड दुसऱ्याची माहिती मेमरीतून चोरून वाचू शकतो, असे तिच्यामुळे दिसून आले. त्यावर उपाय म्हणून क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या प्रक्रियेत कोंडणे नेहमीचेच करून टाकले, आणि यासाठी एकूण मेमरी दहा ते तेरा टक्के जास्त लागेल असे गूगलने तेव्हाच सांगितले होते. फायरफॉक्सही २०२१ मध्ये त्याच वाटेने गेला. म्हणजे आपण ज्याला उधळपट्टी म्हणतो त्यातला मोठा हिस्सा संरक्षणाचा आहे. बँकेचा टॅब आणि शेजारचा कुठला तरी जाहिरातींनी भरलेला टॅब यांच्यामधली भिंत या मेमरीतूनच उभी राहते. ती पाडून मेमरी वाचवण्याच्या युक्त्या काही ठिकाणी सुचवलेल्या असतात, ब्राउझरच्या गुप्त सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करा, ते बंद करा. सेवा केंद्राच्या संगणकावर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

वाचवायची मेमरी दुसरीकडेच पडलेली असते. क्रोम किंवा एज उघडा असताना शिफ्ट धरून एस्केप दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केले की सगळ्यात खादाड टॅब वर येतो. फायरफॉक्समध्येही टास्क मॅनेजर मेनूत मिळतो. ही यादी एकदा वाचावी, मग बोलावे. केंद्रातली यादी साधारण कशी असेल हे सांगता येते: आपले सरकार, महाडीबीटी, सातबाऱ्याचे संकेतस्थळ, पीएम किसान, एखादे मेलचे खाते आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब, कारण लोक कागदपत्रांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतात. शासकीय पोर्टलांची पाने बहुधा खालच्या क्रमांकांवर दिसतील, कारण तिथे मजकूर आणि रकाने यांपलीकडे फारसे काही नसते. वर दिसेल व्हॉट्सअ‍ॅप वेब, वर दिसेल गाणी लावून ठेवलेला यूट्यूबचा टॅब, आणि त्यांच्याच जोडीला दिसेल फोटो लहान करून देणारे एखादे फुकट संकेतस्थळ. या शेवटच्याकडे नीट पाहण्यासारखे आहे. आपले सरकारच्या अर्जाला फोटो ५ ते २० केबीच्या आत लागतो, रुंदी १६० पिक्सेल. कागदपत्रे ७५ ते ५०० केबीच्या दरम्यान. मोबाइलवर काढलेला फोटो दोन-चार एमबीचा असतो. म्हणून प्रत्येक अर्जाला ऑपरेटर असे एक संकेतस्थळ उघडतो, तिथे फोटो चढवतो, लहान करून उतरवतो आणि टॅब तसाच ठेवून पुढच्या अर्जाला लागतो. त्या पानावर चारही बाजूंनी हलत्या जाहिराती, आणि प्रत्येक जाहिरात दुसऱ्याच संकेतस्थळावरून येणारी, म्हणून तिला पुन्हा वेगळी प्रक्रिया. वीस केबीच्या फोटोसाठी काहीशे एमबी मेमरी अडकते. शिवाय अर्जदाराचा चेहरा, कधी आधार कार्डसुद्धा, कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर जाऊन पडतो तो वेगळाच. विंडोजमधल्या पेंटमध्ये फोटो उघडून आकार बदलला, जेपीईजीमध्ये जतन केला की हेच काम इंटरनेटशिवाय होते. टॅब झोपवण्याची कुठलीही युक्ती करण्याआधी असे दोन-तीन टॅब कायमचे घालवले तर निम्मे काम झालेले असेल.

आता टॅब सांभाळण्याच्या साधनांकडे वळू. बाजारात ती ढीगभर दिसली तरी कामाच्या दृष्टीने प्रकार तीनच. पहिल्यात टॅब पट्टीवर दिसत राहतो, त्याचे नाव आणि चिन्ह तसेच असते, पण आतले पान मेमरीतून काढून टाकलेले असते. क्लिक केले की ते पुन्हा लोड होते. ऑटो टॅब डिसकार्डसारखी एक्स्टेन्शन्स हे करतात, आणि आता ब्राउझर स्वतःही करतात. दुसरा प्रकार जुना: एक्स्टेन्शन मूळ पानाच्या जागी स्वतःचे हलके पान ठेवते, म्हणजे पत्त्याच्या पट्टीत संकेतस्थळाऐवजी एक्स्टेन्शनचा पत्ता येतो. तिसऱ्यात टॅब सरळ बंद होतात आणि त्यांच्या पत्त्यांची एक यादी तयार होते. वनटॅब हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. यांच्या जाहिरातींतले आकडे मात्र एकाच तराजूत टाकू नयेत. वनटॅब ९५ टक्क्यांपर्यंत मेमरी वाचते म्हणते. ते खोटे नाही, पण वीस टॅब बंद केल्यावर त्यांची मेमरी सुटणारच. हाताने बंद केले असते तरी तेवढीच सुटली असती. एक्स्टेन्शनचे खरे श्रेय यादी राखण्याचे. मायक्रोसॉफ्टने २०२१ च्या जानेवारीत एजमध्ये टॅब झोपवण्याची सोय आणली तेव्हा मेमरीतली सरासरी बचत ३२ टक्के सांगितली. गूगलने २०२२ च्या डिसेंबरात क्रोमसाठी मेमरी सेव्हर जाहीर केला तेव्हा ३० टक्क्यांपर्यंत म्हटले. एकीकडे सरासरी, दुसरीकडे ‘पर्यंत’, तिसरीकडे बंद केलेल्या टॅबचा हिशेब. शिवाय सांगणारे तिघेही आपापला माल विकणारे. आपल्या संगणकावर किती सुटते हे आपल्याच टास्क मॅनेजरमध्ये आधी आणि नंतर पाहावे. त्या यादीत एक्स्टेन्शनच्या नावाचीही एक ओळ असते, तिचा खर्च वजा करायला विसरू नये. मेमरी वाचवायला घेतलेली चार एक्स्टेन्शन्स मिळून एका चांगल्या वजनदार टॅबएवढी मेमरी खाताना दिसली तर नवल नाही.

पण मेमरीचा हिशेब हा दुय्यम भाग झाला. एक्स्टेन्शनचा मोठा खर्च विश्वासाचा असतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण टॅब झोपवणाऱ्या एक्स्टेन्शनचेच आहे. द ग्रेट सस्पेंडर हे वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारातले, वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. कोड खुला, लेखक ओळखीचा, परीक्षणे उत्तम. २०२० च्या जूनमध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्या कुणाला विकले. नवा मालक कोण हे कधी स्पष्ट झाले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीत खुल्या कोडमध्ये नसलेला भाग होता, आणि तो बाहेरच्या सर्व्हरवरून आणखी कोड आणून चालवू शकत होता. शेवटी २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते हानिकारक ठरवून दुकानातून काढले आणि ज्यांच्याकडे होते त्यांच्या ब्राउझरमध्येही बंद पाडले. ज्यांनी पन्नास-पन्नास टॅब त्यात झोपवले होते त्यांचे टॅब एका क्षणात गेले, कारण ते टॅब म्हणजे त्या एक्स्टेन्शनचीच पाने होती. मूळ पत्ते ब्राउझरच्या इतिहासातून एकेक करून वेचावे लागले. वापरणाऱ्याने यात काहीच चुकीचे केले नव्हते. त्याने चांगले एक्स्टेन्शन निवडले होते, ते पुढे मालकासकट बदलले, आणि अद्ययावत आवृत्ती विचारल्याशिवाय आपोआप आली.

आता नियम कडक झाले आहेत, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे. एक्स्टेन्शनसाठीची नवी चौकट क्रोमने लागू केली, तिच्यात बाहेरून कोड आणून चालवायला बंदी आहे, आणि जुन्या चौकटीतली एक्स्टेन्शन्स क्रोमने बंद केली. पण एक्स्टेन्शन विकता येते, लेखकाचे खाते फसवून ताब्यात घेता येते आणि अद्ययावत आवृत्ती आपोआप पोचते, या तीन गोष्टी तशाच राहिल्या. २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवा मेल पाठवून तिच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती लोकांपर्यंत पोचवली गेली. ही कंपनी स्वतः माहितीच्या सुरक्षेचा व्यवसाय करणारी आहे! तिथे हे होऊ शकते तर फावल्या वेळात एकट्याने लिहिलेल्या टॅब मॅनेजरबद्दल काय खात्री द्यायची? घरच्या संगणकावर माणूस स्वतःपुरता धोका पत्करतो, त्याला कोण अडवणार. सेवा केंद्रात ब्राउझरमधून दिवसभरात गावातल्या कितीतरी कुटुंबांचे आधार क्रमांक, बँक खाती, उत्पन्नाचे तपशील जातात. यातला कुणीही ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ या परवानगीला होकार दिलेला नसतो. तो ऑपरेटरने परस्पर दिलेला असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे, आणि तो नसता तरी ही जबाबदारी टळली नसती.

इथे एक पेच आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. टॅब झोपवणाऱ्या साधनाने अर्धवट भरलेला अर्ज झोपवू नये, ही कुठल्याही ऑपरेटरची पहिली अट असेल. चाळीस रकाने भरून झाले, अर्जदार रेशन कार्ड आणायला घरी गेला, तेवढ्यात टॅब झोपला आणि क्लिक केल्यावर कोरे पान आले, तर मेमरी वाचून काय उपयोग? पण एखाद्या पानावर अर्ज अर्धवट भरला आहे की नाही हे एक्स्टेन्शनला कळायचे तर ते पान त्याला आतून पाहता आले पाहिजे, म्हणजे तीच मोठी परवानगी आली. परवानगी न मागणारे एक्स्टेन्शन अर्ज ओळखू शकत नाही, आणि अर्ज ओळखणारे एक्स्टेन्शन सगळेच वाचू शकते. ब्राउझरला हा पेच पडत नाही. पान तोच दाखवतो, रकान्यात अक्षर तोच उमटवतो, त्यामुळे नव्या कुणालाही खोलीत न घेता त्याला हे आधीच माहीत असते. क्रोमचा मेमरी सेव्हर अर्धवट भरलेला अर्ज, चालू असलेला आवाज किंवा व्हिडिओ, सुरू असलेले डाउनलोड, पडद्याचे प्रक्षेपण, जोडलेले उपकरण अशा टॅबांना हात लावत नाही. म्हणून आधी तो, मग बाकीचे.

क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्स या भागात मेमरी सेव्हर चालू करता येतो. मध्यम, संतुलित आणि कमाल असे तीन पर्याय दिसतील. चार जीबीच्या संगणकावर संतुलितपासून सुरुवात करावी. त्याखाली ‘ही संकेतस्थळे नेहमी जागी ठेवा’ अशा अर्थाची यादी असते आणि सेवा केंद्रासाठी तीच सर्वांत महत्त्वाची. तिच्यात आपले सरकार आणि महाडीबीटीचे पत्ते टाकावेत. कारण अर्ज भरलेला नसला तरी लॉगिन झालेले असते. टॅब झोपून पुन्हा लोड झाला की सेशन तुटू शकते, मग कॅप्चा पुन्हा, कधी ओटीपी पुन्हा, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर जाणार तो एव्हाना अर्जदाराबरोबर घरी पोचलेला असतो. गर्दीच्या दिवसांत पोर्टल खरोखरच मंद असते, तेव्हा पुन्हा लोड होणे म्हणजे रांगेत पुन्हा शेवटी जाणे. मात्र पोर्टले रिकामे बसलेल्या माणसाला स्वतःहूनही बाहेर काढतात. टॅब जागा ठेवल्याने त्यावर काही इलाज होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेब जागे ठेवायचे की नाही हे आपण ठरवावे. फोटो आल्याचे लगेच कळायला हवे असेल तर यादीत टाकावे, नाहीतर झोपू द्यावे, कारण मोठी बचत तिथेच आहे. एजमध्ये हीच सोय स्लीपिंग टॅब्ज या नावाने सेटिंग्जमध्ये आहे, आणि किती वेळाने झोपवायचे ते काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत ठरवता येते. फायरफॉक्स विंडोजवर २०२१ च्या अखेरीपासून मेमरी कमी पडली की बराच वेळ न पाहिलेले टॅब आपोआप उतरवतो, त्याला सांगावे लागत नाही. संगणकावर यांपैकी एकाची जुनी आवृत्ती असेल तर ती आधी अद्ययावत करावी. केंद्राच्या संगणकावर अद्ययावत न केलेला ब्राउझर ठेवणे मेमरीपेक्षा मोठ्या कारणाने चुकीचे आहे.

मग एक्स्टेन्शनला काही जागा उरते का? थोडी उरते. ब्राउझर टॅब झोपवतो, पण पट्टीवरची गर्दी तशीच ठेवतो. तीस टॅबांतून हवा तो शोधताना आठ चुकीचे टॅब क्लिक होतात, आणि क्लिक झालेला प्रत्येक टॅब जागा होऊन पुन्हा मेमरीत येतो. म्हणजे गर्दी स्वतःच बचत खाते. यावर यादी करणारा प्रकार चालतो. पण पाहायला गेले तर केंद्राच्या कामाला तोही क्वचितच लागतो. रोजची पोर्टले ठरलेली असतात, दहा-बारा. त्यांना टॅबमध्ये जिवंत ठेवण्यापेक्षा बुकमार्कच्या पट्टीवर ओळीने लावावे, काम आले की उघडावे, पावती छापली की बंद करावे. बंद टॅबला मेमरी शून्य लागते. एखाद्या अर्जाशी संबंधित तीन-चार टॅब उद्यासाठी राखायचे असतील तर क्रोममध्ये टॅबांचा गट करून, तो जतन करून, बंद करता येतो. नुसता गट मिटवून ठेवला तर मेमरी सुटेलच असे नाही, बंद केला पाहिजे. हे गट गूगल खात्याबरोबर इतर उपकरणांवरही पोचतात, म्हणून केंद्राच्या संगणकावर कुणाचे वैयक्तिक खाते लावलेले नाही ना हे पाहून घ्यावे. अभ्यासासाठी, बातमीसाठी, बाजारभावांच्या तुलनेसाठी रोज वेगवेगळी शंभर पाने उघडणाऱ्यांना वनटॅबसारखे साधन खरोखर उपयोगी आहे. नागपूरला शिकणारा आणि प्रकल्पाचे संदर्भ गोळा करणारा विद्यार्थी घ्या, त्याच्या पानांना बुकमार्क पुरत नाहीत. त्याने एवढे लक्षात ठेवावे की ही यादी त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये राहते. एक्स्टेन्शन काढले किंवा विंडोज नव्याने टाकले की यादी गेली. अधूनमधून ती मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून ठेवावी. आणि यादीचे वेब पान करून देणारे बटण असेल तर खाजगी पत्त्यांवर ते दाबू नये, कारण त्या पानाचा पत्ता ज्याला मिळेल त्याला यादी दिसते.

रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम, भरू द्या की, असे जाणकार मंडळी म्हणतात. सोळा जीबीच्या संगणकावर त्यांचे म्हणणे मान्यच करावे लागते. तिथे ब्राउझरने सहा जीबी घेतली म्हणून काही बिघडत नाही, आणि तिथे टॅब झोपवत बसणे हे नुसते पुन्हा लोड होण्याचा वेळ विकत घेणे आहे. विंडोज १० पासून मेमरीतला मजकूर दाबून बसवण्याचीही सोय आहे, त्यामुळे टास्क मॅनेजरमधला नुसता टक्का पाहून घाबरू नये. पण चार जीबीत विंडोज आणि अँटिव्हायरसच निम्म्याच्या आसपास जागा घेतात, पडद्याच्या चित्रासाठीही त्यातूनच काही कापली जाते. उरलेल्यात भरण्यासारखे काही राहत नाही, सांडण्याचीच वेळ येते.

मग रॅमच वाढवा ना, हा पुढचा आक्षेप, आणि तो अगदी रास्त आहे. चार जीबीची आठ केली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर या लेखातला निम्मा उपद्व्याप करायचे कारण उरत नाही. त्यातही एकच परवडत असेल तर मी एसएसडी आधी म्हणेन. ती मेमरी वाढवत नाही, पण मेमरी संपल्यावर होणारी फरपट कित्येक पटींनी कमी करते, आणि संगणक सुरू व्हायलाही कमी वेळ लागतो. अडचण अशी की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून जगभरच रॅमचे भाव चढले. जुन्या संगणकात तर चालणारी रॅम मिळणे आणि ती बसवण्याइतका संगणक नवा असणे, दोन्ही जमून यावे लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ किमान चार जीबी रॅम मागते. कागदोपत्री चालणे आणि रांगेसमोर चालणे यांत अंतर आहे. ज्याला पुढच्या हंगामाआधी संगणक बदलायचाच आहे त्याने या जुन्यावर खर्च करू नये, तोवर सेटिंग्जनीच भागवावे.

ज्यांनी आधीच पाच-सहा एक्स्टेन्शन्स टाकून ठेवली आहेत, त्यांनी ती आवरण्याचे काम गर्दी ओसरल्यावर, एखाद्या निवांत दुपारी करावे. ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल करता येतात आणि एका प्रोफाइलमधली एक्स्टेन्शन्स दुसऱ्यात शिरत नाहीत. अर्जांसाठी एक कोरे प्रोफाइल ठेवावे, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. बाकीचे वाचन, गाणी, स्वतःची मेल दुसऱ्या प्रोफाइलमध्ये. दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवली तर मेमरीचा बोजा उलट वाढेल, म्हणून अर्जांच्या वेळी दुसरे पूर्ण बंद करावे. मग दुसऱ्या प्रोफाइलमधली एक्स्टेन्शनची यादी उघडून प्रत्येकाच्या तपशिलात जावे आणि दोन गोष्टी पाहाव्यात: ते शेवटचे कधी वापरले, आणि संकेतस्थळांचा प्रवेश ‘सर्व संकेतस्थळांवर’ आहे की ‘क्लिक केल्यावर’. पहिल्याचे उत्तर आठवत नसेल तर काढून टाकावे. दुसऱ्याचे ‘सर्व’ असेल आणि ते एक्स्टेन्शन ठेवायचेच असेल, तर ‘क्लिक केल्यावर’ करून आठवडाभर वापरून पाहावे. काम अडले नाही तर मोठी परवानगी त्याला कधी हवीच नव्हती, आणि अडले तर ते नेमके कुठल्या संकेतस्थळावर अडते हे कळल्यावर तेवढ्या एकाच संकेतस्थळाची परवानगी देता येते.